कवीच्या पुतळ्याचे ओठ

सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण तुम्ही काही उठत नाही, तर ऐका. फार मागे एका मूर्तिकाराने वारलेल्या कवीचा संगमरवरी अर्धपुतळा घडवला. ज्या दोन जुन्या मूर्तींकडे बघून त्याचा हात तयार झाला, त्या शेजारीच होत्या.

जुना दगडी यक्ष पुतळ्याला म्हणाला, “ओठ माझे उचललेस की रे.”

प्लास्टरचा विलायती देव म्हणाला, “केस माझे. तुझं काय आहे, बाबा?”

पुतळा कोमेजला. कवीच्या बायकोने ओळखलं नाही, तर त्याला फोडून फरशा करणार होते.

ती आली. बराच वेळ बघत राहिली, मग पदराने त्याचं कपाळ पुसत म्हणाली, “कविता झाली असेल तर जेवायला चला.”

यक्षाने आणि देवाने पुतळ्याची माफी मागितली. मी घडवलेल्या नंदीला नक्कल म्हणणारा केरबा गुरव मात्र अजून माफी मागायला आलेला नाही.