हैबतरावांचं ताट

ही गोष्ट अगदी खरी आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आता ती घडली तेव्हा माझे पणजोबा रांगत होते, पण ते सोडा.

किल्लेदार हैबतरावांनी गोंदाजी नावाचा बंडखोर पकडला. त्याचे साथीदार कुठे लपलेत, एवढंच त्यांना हवं होतं. मारूनही तो बोलेना, म्हणून त्याला उपाशी ठेवून हैबतराव रोज त्याच्यासमोर मटणाचं ताट घेऊन बसू लागले.

“बोल, आणि जेव.”

एकदा गोंदाजीनं रश्श्याकडे बघत शांतपणे विचारलं, “सरकार, आचारी भरवशाचा आहे ना?”

घास हातातच राहिला. “का रे? काय माहीत आहे तुला?”

“काही नाही. जेवा तुम्ही.”

हैबतराव कसले जेवतात? विषाची शंका डोक्यात शिरली ती शिरलीच. आचारी बदलला, तरी गोंदाजी ताट बघून सुस्कारा सोडायचा. शेवटी हुकूम सुटला, प्रत्येक पदार्थ आधी कैद्यानं खायचा.

पण खाऊन झाल्यावरही गोंदाजी सुस्कारा सोडायचा, त्यामुळे महिन्याभरात तो जाड झाला आणि धास्तीनं हैबतराव वाळले. भर सदरेत म्हणाले, “तुझे साथीदार राहू देत. माझ्या स्वयंपाकघरात फितूर कोण, तेवढं सांग. लगेच सोडतो, शब्द देतो.”

“कुणीच नाही, सरकार. असता तर मी एवढा जाड झालो असतो का?”

चारचौघांत दिलेला शब्द. दरवाजा उघडावा लागला.

यातलं मटण मात्र माझं. ताटात पिठलंच होतं. पण पिठल्यासाठी कुणी एवढं डोकं चालवलं, हे तुम्हाला पटलं नसतं.