ही बाजू वर

सुका कचरा वेगळा ठेवायची रीत नुकतीच पडली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घराच्या अंगणात सुक्या कचऱ्याच्या डब्यात मिक्सरचा रिकामा खोका ताठ उभा होता. त्याच्या अंगावर बाण होता आणि लिहिलं होतं, ‘ही बाजू वर’. त्याला तो आपला मान वाटे.

डब्याबाहेर वहीची जुनी पानं पडली होती. ती म्हणाली, “खोकोबा, जरा अंगाची घडी घाला. आम्हीही मावू.”

“आणि माझा बाण खाली येऊ देऊ?” खोका हललाच नाही.

सकाळी नळाचं पाणी अंगणभर वाहिलं. पानांचा लगदा झाला. घंटागाडीवालीने तो ओल्या कचऱ्यात टाकला, मग खोका उकलून सपाट केला आणि पुन्हा डब्यात सरकवला.

आडवा झालेला बाण आता डब्यातल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवत होता.