कोरड्या कातळाचा फोटो

“...मग बाकीचं सगळं मेलेलं, असं म्हणायचं का?” दाबके सरांनी विचारलं.

“मी नाही म्हणत, सर. फोटो म्हणतोय!”

शर्वाणीने लॅपटॉप कातळावरच ठेवला होता. डोंगरमाथ्यावरचा उघडा सडा तापला होता, पण तिला उन्हाचं भान नव्हतं. कातळावर चौकट ठेवायची, वरून फोटो काढायचा, मग फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये कातळाला चिकटून वाढणाऱ्या दगडफुलाच्या एका ठिपक्यावर टिचकी मारायची. तसला रंग जिथे जिथे असेल तिथे तिथे तांबडं होतं. तांबडं किती, एकूण किती... झालं!

“नऊ टक्के,” ती म्हणाली. “तुम्ही तारेची जाळी ठेवून एकेक घर मोजायचात. अख्खा दिवस जायचा. आणि आकडा काय, तर निम्म्याहून जास्त!”

“हं.”

“रागावलात?”

“नाही गं. माझंच चुकलं असेल. डोळ्यांचा काय भरवसा...”

उद्या समिती सड्यावर येणार होती. इथे जिवंत असं फारसं काही नाही, हे ठरलं की दगडाच्या खाणीला परवानगी. अहवाल शर्वाणीचा होता. खाली सही सरांची लागणार होती.

“खाण मलाही नकोय, सर. पण नऊ म्हणजे नऊ.”

“बरोबर आहे.”

सर पडद्यावर वाकले.

“टिचकी मारलीस तो ठिपका कोणी निवडला?”

“मीच. चांगला पांढुरका, ठळक होता.”

“आणि जे ठळक नाही ते?”

“ते दगड.”

सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं.

“कदाचित काहीच होणार नाही,” ते पुटपुटले, आणि चौकटीतल्या काळ्या कातळावर त्यांनी बाटली उपडी केली.

“अहो सर, प्यायचं पाणी आहे ते! एवढंच उरलंय!”

पाणी पसरलं. कातळ आणखी काळा झाला.

...

मग कडेला एक डाग हिरवट दिसू लागला. त्याच्या शेजारी दुसरा.

“सर!”

शर्वाणी गुडघ्यांवर बसली. “हे दगड नव्हतंच? सुकून दगडासारखं दिसत होतं? अहो, इथेही आहे! ही कड बघा, ही कड!”

“बघतोय, बघतोय!” सरही खाली बसले होते. गुडघेदुखीची आठवण त्यांना राहिली नव्हती.

तिने घाईघाईने फोटो काढला. हिरव्यावर टिचकी मारली. पडदा तांबडा होत गेला.

“एकसष्ट! सर, तुम्ही बरोबर होतात!”

“मी पावसाळ्यात मोजायचो, शर्वाणी. मला वाटायचं, तेवढंच खरं.”

तिने चौकटीकडे पाहिलं. एक कोपरा उन्हाने वाळत आला होता. तिथलं हिरवं पुन्हा दगड होऊ लागलं होतं.

“मग समितीला कोणता आकडा सांगू? कोरड्याचा की ओल्याचा?”

सरांनी रिकामी बाटली तिच्या हातात दिली.

“उद्या येताना घागर आण.”