तारेखालचं

“मॅडम, किती वेळा सांगायचं हिला?” शिकाऊ डॉक्टर निषाद वैतागून म्हणाला.

खुर्चीवर सतरा वर्षांची शबाना मान खाली घालून बसली होती. तिच्या दातांना तारा लावून अकरा महिने झाले होते. निषादच्या हातून ते दात असे काही रांगेत आले होते, की दंतवैद्यांच्या परिषदेत तो हीच केस मांडणार होता. आता मात्र तारेच्या कडेनं पांढरे डाग पडले होते. हिरड्या सुजल्या होत्या. एका दाताला तर कीडच लागली होती.

“घासते ओ मॅडम,” शबाना पुटपुटली. “तारेखालचं निघतच नाही.”

“सबब,” निषाद म्हणाला.

हेर्लेकर मॅडम विभागप्रमुख. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना तारा लावायला शिकवलं होतं.

त्यांनी तोंडावरचा मास्क काढला.

एकसष्ट वर्षांच्या त्या तोंडात, वर-खाली, तारा चकाकत होत्या.

“मॅडम... तुमचे दात तर सरळ आहेत!” निषाद म्हणाला.

“रविवारी लावून घेतल्या.” त्यांनी ब्रश हातात घेतला. “शबाना, मी आत्ताच जेवून आलेय. मी घासते. कुठं राहिलं ते तू सांग.”

शबानानं वाकून पाहिलं.

“डावीकडं, मॅडम. पालक अडकलाय.”

त्यांनी पुन्हा घासलं.

“अजून हाय.”

मग त्यांनी एक अगदी बारका ब्रश तारेखाली घातला. हिरडीतून रक्त आलं. चूळ भरून त्यांनी परत तोंड उघडलं, शाळकरी पोरीसारखं.

बारा मिनिटं गेली. शबाना आता हसत होती. तिनं आपण होऊन तसाच एक बारका ब्रश मागून घेतला.

निषाद बघतच राहिला. ज्या बाई आल्या की अख्खा विभाग उठून उभा राहायचा, त्या एका पोरीला आपले दात तपासायला देत होत्या.

“शबाना, आज तार काढू,” तो म्हणाला. “आधी ती कीड. हिरड्या बऱ्या झाल्या, की पुन्हा लावू. आणि घासायचं कसं ते... मी शेजारी बसून दाखवीन.”

“मग परिषद?” मॅडमनी विचारलं.

“राहू दे, मॅडम.”

त्या हात धुवायला वळल्या. तो मागोमाग गेला.

“तुम्ही या तारा कधी काढणार?”

“एकदा तरी नीट घासून झालं, की.”