काळी पडणारी चांदी

एका डोंगराळ राज्यात घुमटवाडी नावाची पेठ होती आणि त्या पेठेत तुळसाक्का नावाची एक कल्हईवाली राहत होती. तांब्यापितळेच्या भांड्यांना ती आतून कथलाचा चकचकीत थर द्यायची, म्हणजे लोकांचं अन्न कळकत नसे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दर धनत्रयोदशीला पोटाला चिमटा काढून ती चांदीचं एक नाणं घ्यायची आणि डब्यात टाकायची. हात थकले तरी ते कुणापुढे पसरायचे नाहीत, एवढीच तिची जिद्द.

तिथल्या राजाला थाटामाटाचा भारी सोस. उधळपट्टीने खजिना रिकामा झाला, तेव्हा त्याच्या कारभाऱ्याने दवंडी पिटवली, “जुनी नाणी काळी पडली आहेत. काळं नाणं घरात ठेवणं अशुभ! ते चावडीवर द्या आणि महाराजांच्या मुखड्याचं नवं नाणं घ्या. हे कधीच काळं पडणार नाही!”

लोक चकाकीला भुलले. आजोबा-पणजोबांची चांदी त्यांनी चावडीवर नेऊन ओतली आणि वर कारभाऱ्याचे आभार मानले. अशा भोळेपणाला काय म्हणावं?

तुळसाक्काही गेली, पण रिकाम्या हाताने. तिने एक नवं नाणं उचललं, कडेला नखाने खरवडलं आणि मोठ्याने हसली.

“कारभारी, चांदी काळी पडतीच. जी पडत न्हाई ती चांदीच न्हवं. हे तांबं हाय, वरनं कल्हई केलीया. जल्मभर मी दुसरं काय केलंय?”

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. “म्हातारे, तोंड आवर! उद्या तुझी नाणी आली नाहीत तर बाजारातली तुझी जागा गेली म्हणून समज.”

“जागा घ्या. नाणी मिळायची न्हाईत.”

जागा गेली. भीतीने लोक तिच्याकडे भांडी आणेनासे झाले. शेजारणी तोंडावर हसू लागल्या. अशुभ म्हणून तिचं जुनं नाणंही बाजारात कुणी घेईना. तुळसाक्का आंबिलीवर दिवस काढू लागली. एकदा दोन दिवस चूल पेटली नाही, तेव्हा नाणी चावडीवर देऊन टाकायला डबा घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेलीही. तिथे तिला स्वतःचाच संताप आला. तिने डबा परत फळीवर ठेवला.

पुढे धनत्रयोदशी आली. लक्ष्मीपुढे ठेवायची नाणी चिंच आणि राखेने घासायची, ही गावाची रीत. नवी नाणी मुळात चकचकीत होती, पण रीत ती रीत. बायका घासायला बसल्या. दोनदा घासलं तर महाराजांचं नाक लाल झालं, आणखी घासलं तर सगळा मुखडाच तांबडा! घरोघरी एकच आरडाओरडा झाला.

कारभारी घामाघूम होऊन तुळसाक्काच्या दारात आला. त्याच्या मागोमाग अख्खं गावही येऊन थांबलं.

“अक्का,” तो आता गोड आवाजात म्हणाला, “एवढ्या नाण्यांना पुन्हा कल्हई करून दे. तुझी जागा देतो, वर सोन्याचं कडं देतो.”

तुळसाक्का उंबऱ्यावर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी कल्हई करते ती लोकांच्या पोटात इख जाऊ नये म्हनून. लोकांस्नी फसवायला माझी भट्टी पेटायची न्हाई. गावाची चांदी न्हेली तशी माघारी आना!”

त्या दिवशी पहिल्यांदा गाव तिच्या बाजूने ओरडलं. ते ऐकून आजूबाजूची गावंही उठली. शेवटी राजाला आपली चांदीची पालखी मोडून लोकांची भरपाई करावी लागली.

तात्पर्य: जे खरं म्हणून पारखून घेतलं, ते सगळ्या गावाने नावं ठेवली तरी सोडू नये, आणि जे खोटं आहे हे कळलं, त्याला आपला हात लावू नये, मग हुकूम राजाचा का असेना.