वारसाची परीक्षा

फार पूर्वी, दूरदेशीच्या एका बंदराच्या शहरात एक म्हातारा संगीतप्रमुख होता. शहराच्या मोठ्या चर्चमध्ये दर रविवारी नवं गाणं लागे, ते तो रचायचा. बड्या व्यापाऱ्याचं लग्न असो की नगरसभेच्या एखाद्या सभासदाची अंत्ययात्रा, संगीत त्याचंच. तिथले वादक आणि गाणारी मुलंही त्यानेच घडवलेली. कधी ओरडून, कधी कान पिळून, पण अगदी मनापासून.

पुढे त्याची नजर अधू झाली. नगरसभेतल्या शहाण्यांना तेवढं निमित्त पुरलं. उद्या म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर पंचाईत नको, म्हणून वारस आताच निवडून ठेवायचा असं त्यांनी ठरवलं आणि एका तरुण संगीतकाराला परीक्षेला बोलावलं. त्याने आपली रचना सादर करायची, तीही म्हाताऱ्याच्याच चर्चमध्ये, त्याच्याच वादकांकडून. माणूस जिवंत असताना त्याच्या जागी दुसरा बसवून बघायला या लोकांना जराही लाज वाटली नाही.

म्हाताऱ्याच्या हे फार जिव्हारी लागलं.

त्याचा लाडका शिष्य वादकांचा म्होरक्या होता, व्हायोलिन वाजवायचा. तो घरी येऊन म्हणाला, "गुरुजी, तुम्ही काळजी करू नका. आम्ही असं वाजवू, की तो पुन्हा या शहरात पाय ठेवणार नाही. तुम्ही फक्त नको म्हणू नका."

म्हातारा हो म्हणाला नाही, पण नकोही म्हणाला नाही. शिष्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी सभासद पुढच्या बाकांवर ऐटीत बसले. म्हातारा सगळ्यात मागे बसला. तरुणाने ताल धरला, सुरुवात छान झाली, आणि मग व्हायोलिनं मुद्दाम मागे रेंगाळू लागली. तुतारी भलत्याच जागी वाजली. तरुण घामाघूम झाला. म्हाताऱ्याला खरं तर बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

मग मुलांची पाळी आली. या कटाचा त्यांना पत्ताच नव्हता. "गाताना घाबरलात तर व्हायोलिनकडे कान द्या," असं म्हाताऱ्यानेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी कान दिला आणि तीही बेसूर झाली. पुढच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. मुलं एकेक करत गप्प होऊ लागली, आणि म्हाताऱ्याचं काळीज चरकलं.

तो उठला. बाकं चाचपत पुढे गेला आणि शिष्याजवळ थांबला.

"नीट वाजव."

"पण गुरुजी, हे तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठीच नीट वाजव," म्हातारा म्हणाला. मग सभासदांकडे वळून त्याने सांगितलं, "चूक माझी आहे. या वादकांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. या तरुणाला पुन्हा पहिल्यापासून संधी द्या."

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी जीव ओतला. मुलं मोकळ्या गळ्याने गायली. रचना खरोखरच सुंदर होती. ऐकता ऐकता म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात दुःखही होतंच. सभेने तिथल्या तिथे तरुणाची निवड केली. म्हाताऱ्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं लोक बोलू लागले.

तरुण त्याला हात धरून घरी पोचवायला निघाला. वाटेत त्याने विचारलं, "तुम्ही बसून राहिला असता, तर मी आजच परत गेलो असतो. कशाला उठलात?"

"तू गेला असतास, हे खरं," म्हातारा म्हणाला. "पण येत्या रविवारी त्या मुलांनी मला विचारलं असतं, आता कान कुणाकडे द्यायचा? तेव्हा मी काय सांगितलं असतं?"

तात्पर्य काय, तर आपल्या अपमानाचा सूड आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांच्या जिवावर घेऊ नये.