वत्सलाबाईंच्या वहीतली काट

नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी वत्सला केळुसकरने गावातल्या दाजीसाहेबांकडून कर्ज घेतलं होतं. शिवणकाम करून ती हप्ता वेळेवर देई. तरीही दाजीसाहेब दर रविवारी दोन माणसं घेऊन वसुलीला येत आणि सुरमईचं जेवण झाल्याशिवाय उठत नसत.

एकदा ते त्या दोघांबरोबर सरपंचांनाही घेऊन आले. म्हणाले, "हिला घर चालवता येत नाही. खर्चाची वही आण, काटछाट मी करतो. वाचतील ते पैसे माझ्या कर्जात जमा कर."

वत्सलाने वही पुढे ठेवली. दाजीसाहेबांचं पेन मुलीच्या दुधाकडे वळलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी सगळ्यात मोठा खर्च बघा."

"पाहुण्यांचं जेवण, महिना सोळाशे? डोक्यावर कर्ज असताना हे चोचले?" दाजीसाहेबांनी त्या ओळीवर ठसठशीत काट मारली. "कोण हे पाहुणे?"

"आपणच, दाजीसाहेब. आणि हे दोघे."

सरपंचांनी हसू दाबत काटेशेजारी सही केली.

पुढच्या रविवारी दाजीसाहेब हप्ता घेऊन ओटीवरूनच परतले. वत्सला कितीतरी महिन्यांनी घरच्यांबरोबर जेवायला बसली. सोळाशे रुपये दरमहा कर्जात जाऊ लागले आणि ते ठरल्यापेक्षा वर्षभर आधीच फिटलं.